मनोधैर्यच्या पैशात चौथा हिस्सा मागणारा माणूस, मुलीचे पैसे वाचवायचे कसे?

पाऊलवाट_आशा:
नमस्कार. मी आशा म्हणून काम करते, गावाचं नाव आधी टाकलं होतं ते आता काढलंय (खाली एका ताईंनी सांगितलं म्हणून). लिहायची सवय नाही, मोबाईलवर टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्या वाडीतल्या एका मुलीवर अत्याचार झाला, पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याची) केस आहे, आरोपी आत आहे, केस अजून उभी राहिली नाही. मुलगी दहावीला आहे. बाप नाही, आई मजुरीला जाते. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते तेव्हापासून आई मला सगळं विचारते. आता मनोधैर्य योजनेतून (अत्याचार झालेल्या बायका-मुलांना सरकार मदत देतं ती) पैसे मंजूर झालेत असं कळलं, पण कळलं कुणाकडून तर तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसणाऱ्या एका माणसाकडून. त्यानेच सात आठ महिन्यांपूर्वी आईकडून कागद घेतले होते, फॉर्म भरला, बँकेत खातं काढून दिलं, आणि पासबुक स्वतःकडेच ठेवलं. आता म्हणतो पैसे आलेत, माझा चौथा हिस्सा, त्यातले मला एकट्याला नाहीत, वर द्यावे लागतात. आईकडून चार कोऱ्या विड्रॉल स्लिपवर अंगठे घेतलेत. हे तिने मला काल सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

दुसरी गोष्ट, मुलीचा चुलता म्हणतो की बाकीचे पैसे ठेवीत टाकलेत ते मोडू आणि घराला स्लॅब टाकू, पोरीच्या लग्नाला तेच घर उपयोगी पडेल. चुलता वाईट माणूस नाही, केसच्या वेळी तोच पोलीस स्टेशनला रात्रभर बसला होता, पण पैसे मुलीचे आहेत ना.

मला विचारायचंय ते असं. हा चौथा हिस्सा देणं खरंच भाग असतं का? नाही दिला तर पैसे परत जातात का, तो तशीच धमकी देतोय. तक्रार केली तर मुलीच्या केसला काही होईल का? आणि ठेव अशी कुणालाही मोडता येते का? आई घाबरलीय, ती म्हणते देऊन टाकू आणि मोकळं होऊ, तीन भाग तरी राहतील. मला ते पटत नाहीये पण मी तिला काय सांगू ते मलाच माहीत नाही.

ओसरी:
ताई, बाकी सगळं नंतर, आधी गावाचं नाव आणि तालुका काढा पोस्टमधून. दहावीतली मुलगी, बाप नाही, आई मजूर, एवढ्यावरून आसपासच्या माणसाला लगेच कळतं कोण ते. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, आणि मुलगी अज्ञान (१८ वर्षांखालची) असल्यामुळे पोक्सोचं कलम २३ पण. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण इंटरनेटवर टाकलेलं राहतं. उत्तर देणाऱ्यांनीही जिल्हा वगैरे विचारू नका प्लीज.

कोर्टाची_पायरी:
मी विधी सेवा प्राधिकरणाची (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे स्वयंसेविका आहे, सहा वर्षं झाली, त्यामुळे हे अगदी ठामपणे सांगते. एक रुपयासुद्धा द्यायचा नाही. अर्जाला फी नाही, मंजुरीला फी नाही, चेकला फी नाही. आम्हाला मानधन प्राधिकरण देतं, पक्षकाराकडून चहासुद्धा घ्यायचा नसतो.

आता हे चालतं कसं ते सांगते, कारण हे माहीत नसतं म्हणूनच अशा माणसांचं फावतं. मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून महिला व बाल विकास विभागाने सुरू केली. सुरुवातीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ असायचं, २०१७ मध्ये योजना सुधारली, रक्कम १० लाखांपर्यंत नेली आणि मंजुरीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलं. हे प्राधिकरण म्हणजे कुठलं लांबचं ऑफिस नाही, जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश आणि रोजचं काम बघणारे सचिव हेही न्यायाधीशच असतात. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. म्हणजे तो जो माणूस म्हणतोय वर द्यावे लागतात, ते "वर" म्हणजे न्यायाधीश, आणि तुम्ही थेट त्यांच्या दारात जाऊन सचिवांना भेटायचंय असं सांगू शकता. आईला सोबत न्या. ती बाई आहे, मुलगी अज्ञान आहे, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोघींनाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

पैसे परत जातील ही धमकी खोटी आहे. मंजुरीचा आदेश मुलीच्या नावाने असतो, त्या माणसाच्या नावाने नाही. आदेशाची प्रत मागा, त्यात किती रक्कम, किती खात्यात, किती ठेवीत, किती वर्षांसाठी, सगळं लिहिलेलं असतं. ही प्रत आईच्या हातात नाही म्हणजे नेमके किती मंजूर झाले हेही त्यानेच सांगितलेलं तुम्हाला माहीत आहे, बरोबर ना? माझ्याकडे आलेल्या एका घरात आईला सांगितलं होतं दोन लाख, आदेश निघाला तीनचा. मधला एक कुठे जाणार होता ते सांगायला नको.

खरं तर असा माणूस मधे यायलाच नको. एफआयआर झाली की त्याची प्रत पोलिसांनी विधी सेवा प्राधिकरणाला लगेच पाठवायची हे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत लिहिलेलं आहे, म्हणजे पीडितेने अर्ज करायच्या आधीच प्राधिकरण स्वतःहून चौकशी सुरू करू शकतं. जिथे ही प्रत वेळेवर येते तिथे आम्ही आठवड्यात घरी जातो. जिथे येत नाही तिथे आमच्या आधी झेरॉक्सच्या दुकानाबाहेरचा माणूस पोचतो. सहा वर्षांत मी हे इतक्यांदा बघितलंय की आता मी दर सोमवारी स्वतः पोलीस स्टेशनला जाऊन विचारते.

१५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर आहे, पण तुमच्या बाबतीत फोनपेक्षा प्रत्यक्ष जा. उद्याच.

जुनी_पासबुक:
पाऊलवाट ताई, मी बँकेत ३४ वर्षं काढली, शेवटची नऊ तालुक्याच्या शाखेत मॅनेजर होतो. तुमची पोस्ट वाचून झोप लागली नाही, कारण अंगठे मारलेल्या कोऱ्या स्लिपा मी काउंटरवर बघितलेल्या आहेत आणि प्रत्येक वेळी ओळखता आल्या असंही नाही.

कोर्टाच्या आधी बँकेत जा. शाखा सकाळी उघडली की आईला घेऊन मॅनेजरसमोर बसा आणि साध्या कागदावर लेखी द्या, की आमच्या पासबुकाचा ताबा दुसऱ्याकडे आहे, कोऱ्या विड्रॉल स्लिपवर अंगठे घेतले गेलेत, त्या स्लिपवर पैसे देऊ नयेत, खातेदार स्वतः समोर आल्याशिवाय कुठलाही व्यवहार करू नये. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन परत आणा. ही शिक्क्याची प्रत फार महत्त्वाची, कारण त्यानंतर त्या स्लिपवर पैसे गेले तर जबाबदारी बँकेवर येते आणि हे मॅनेजरला न सांगता कळतं. एटीएम कार्ड निघालं असेल तर ते ब्लॉक करा, खात्याला मोबाईल नंबर कुणाचा लावलाय तो बघा (माझा अंदाज, त्याचाच असेल), बदलून आईचा लावा. डुप्लिकेट पासबुक मिळतं, थोडासा चार्ज लागेल तो लागू दे.

आता ठेवीचं. चुलत्यांना रागवू नका, गावात स्लॅब म्हणजे काय हे मला माहीत आहे, पण त्यांना स्पष्ट सांगा की ही ठेव घरातल्या कुणालाही मोडता येत नाही. विधी सेवेच्या २०१८ च्या योजनेत नियम असा आहे की सज्ञान पीडितेचे ७५ टक्के निदान ३ वर्षं ठेवीत आणि २५ टक्के हातात, आणि अज्ञान असेल तर ८० टक्के ठेवीत, ते १८ पूर्ण झाल्यावरच, तेही ठेव ठेवून ३ वर्षं झाल्याशिवाय नाही. शिक्षण किंवा औषधोपचाराची खरी गरज असेल तर प्राधिकरण मधे काढायला परवानगी देऊ शकतं. मनोधैर्यच्या आदेशातही मोठा भाग मुदत ठेवीतच जातो. तुमच्या मुलीच्या आदेशात जी मुदत लिहिलीय ती धरायची.

पण नियम कागदावर असतो आणि ठेव कॉम्प्युटरमध्ये असते. त्या ठेवीवर सिस्टीममध्ये खूण घातलेली नसेल तर दोन वर्षांनी बदलून आलेल्या नव्या क्लार्कला ती साधी ठेव दिसते, पालक येऊन सही करतो आणि ठेव मोडली जाते, कुणाची लबाडी नसतानासुद्धा. दुसरी वाट ठेवीवर कर्ज काढण्याची, ती तर अजून सोपी, ठेव तशीच दिसते आणि आतून पोकळ. म्हणून मॅनेजरला सांगून दोन शेरे घालून घ्या, प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय मुदतीआधी मोडू नये, आणि या ठेवीवर कर्ज देऊ नये. हे काही मी नवीन सांगत नाही, अपघाताच्या नुकसानभरपाईत सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच केरळ एसटीच्या केसमध्ये सांगितलं होतं की अज्ञान आणि अशिक्षित लोकांची रक्कम ठेवीत टाका आणि त्यावर कर्ज उचल देऊ नका. त्या केसचे शेरे आम्ही लाल शाईने ठेव पावतीवर लिहायचो. मग कॉम्प्युटर आले, लाल शाई गेली.

अजून एक, आणि हे फार कुणी बोलत नाही. ठेव लांब मुदतीची असते. तोवर मुलगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते, नाव बदललेलं, आई थकलेली, पावती सापडत नाही, कधी बँकसुद्धा बदललेली असते. देना बँकेची पावती असेल तर १ एप्रिल २०१९ पासून ती बँक ऑफ बडोदाकडे. मुदत संपून १० वर्षं कुणी विचारलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती बुडत नाही, मागितली तर व्याजासकट परत मिळते, रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल २०२३ पासून अशा ठेवी शोधायलाच आहे, पण मागणार कोण? ज्या मुलीला आपल्या नावाने ठेव आहे हेच घरच्यांनी सांगितलं नाही, ती कशी मागणार. म्हणून ठेवीबद्दल आईला सांगता तसंच मुलीलाही सांगा. दहावीची मुलगी आहे, तिला समजतं.

सडेतोड७७:
सगळं मान्य, त्या एजंटला धडा शिकवाच. पण दुसरी बाजू पण कुणीतरी मांडायला हवी. आमच्या भागात एक केस झाली, तक्रार झाली, पैसे मिळाले, वर्षभराने कोर्टात मुलगी फिरली, म्हणाली असं काही घडलंच नाही. आरोपी सुटला. सरकारचे पैसे गेले ते गेलेच. हा पैसा आपल्या टॅक्सचा आहे. मला वाटतं केसचा निकाल लागून शिक्षा झाल्याशिवाय पैसे देऊच नयेत, किंवा फिरली तर वसूल करावेत. खऱ्या पीडितांसाठीच हा निधी राहायला हवा म्हणून म्हणतोय, कुणाला दुखवायचं नाही.

काळाकोट_मोफत:
सडेतोड, प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाय म्हणून नीट उत्तर देतो. मी विधी सेवेच्या पॅनलवर वकील आहे.

शिक्षा झाल्यावरच पैसे, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण कायदा मुद्दाम उलटा केलाय आणि त्याला कारण आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये भरपाई आरोपीच्या दंडातून मिळायची. म्हणजे आरोपी सापडला पाहिजे, त्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला पाहिजे, आणि त्याच्याकडे पैसे असले पाहिजेत. तिन्ही जुळून येईपर्यंत मुलीचं शिक्षण सुटलेलं असायचं, दवाखान्याचं कर्ज सावकाराकडून झालेलं असायचं. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ३५७अ आणलं, ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं, आता तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडित अर्ज करू शकतो, प्राधिकरणाने २ महिन्यांत चौकशी पुरी करायची, आणि त्याआधी तातडीची मदत द्यायची. सरकार सुरक्षा देऊ शकलं नाही म्हणून ही भरपाई आहे. कुणाला शिक्षा झाली की नाही हा वेगळा हिशोब.

आता फिरलेल्या साक्षीबद्दल. मी अशा मुलींच्या शेजारी बसलोय. साक्षीच्या आदल्या आठवड्यात आरोपीचे नातेवाईक घरी येतात, शेत अडवतात, धाकट्या भावाला रस्त्यात गाठतात, कधी पंच बसवून मिटवतात, आणि जिथे आरोपी घरातलाच असतो तिथे तर आईच म्हणते की बाबाला सोडव. मग ती मुलगी पिंजऱ्यात उभी राहते आणि म्हणते काही घडलं नाही. ती खोटी होती म्हणून फिरली असं तुम्ही त्या कागदावरून ठरवू शकत नाही. सुटका झाली याचा अर्थ तक्रार खोटी होती असा होत नाही, कोर्टाने पुरावे ऐकून निकालात तक्रारच खोटी होती असं म्हटलं तर गोष्ट वेगळी, तिथे वसुली मागायला मीही विरोध करणार नाही. पण सरसकट फिरली की वसूल करा, हे म्हणजे धमकी देणाऱ्याच्या हातात अजून एक काठी. तो म्हणेल, बघ, आता पैसे पण परत द्यावे लागतील.

तुम्हाला टॅक्सच्या पैशाची काळजी आहे ना, मग वसुलीचं खरं ठिकाण सांगतो. योजनेत लिहिलेलं आहे की दिलेली रक्कम गुन्हेगाराकडून वसूल करायला प्राधिकरण कारवाई करू शकतं. शिक्षा झालेल्या, जमीनजुमला असलेल्या आरोपीकडून ही वसुली व्हावी म्हणून कुणी तळमळीने बोललेलं मी ऐकलं नाही. मुलीकडून परत घ्या म्हणणारे मात्र प्रत्येक चर्चेत भेटतात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

पाऊलवाट ताई, तुमच्यासाठी. तक्रार केल्याने मुलीच्या खटल्याला काही होत नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पासबुक अडकवून ठेवणं, कोऱ्या कागदावर अंगठे घेणं, पैसे परत जातील म्हणून घाबरवणं, यावर पोलिसात फसवणुकीची तक्रार होऊ शकते. आणि तो जे म्हणतो वर द्यावे लागतात, ते वाक्य जपून ठेवा. सरकारी माणसाकडून काम करून देतो म्हणून पैसे मागणं हा २०१८ च्या दुरुस्तीपासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम ७अ खाली खाजगी माणसाचाही गुन्हा आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. तो परत फोन करेल तेव्हा त्याला हिस्सा हो किंवा नाही काहीच म्हणू नका, फक्त कॉल रेकॉर्ड होऊ द्या.

आणि एक तपासून बघा, विशेष पोक्सो कोर्टाकडून अंतरिम भरपाई मागितली आहे का? २०२० च्या पोक्सो नियमांतला नियम ९, एफआयआरनंतर कधीही कोर्ट अंतरिम भरपाई देऊ शकतं आणि आदेश झाल्यावर ३० दिवसांत रक्कम द्यायची असते. महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय की अशा प्रकरणांत, विशेषतः अज्ञान मुलं आणि महिलांच्या बाबतीत, सत्र न्यायालयाने भरपाईचा आदेश द्यायलाच हवा. बऱ्याच ठिकाणी कुणी मागतच नाही म्हणून राहून जातं. मोफत वकील मिळाला की त्याला हे पहिल्या दिवशी सांगा.

सडेतोड७७:
आरोपीच्या वसुलीचं मला माहीत नव्हतं, वकीलसाहेब. आमच्या इथल्या त्या केसमध्ये मुलीचा भाऊ गाव सोडून गेला होता हे आत्ता तुम्ही लिहिल्यावर आठवलं. तेव्हा मी त्याचा संबंध लावला नाही.

एकतीस_मार्च:
मी जिल्ह्याच्या एका सरकारी कार्यालयात लेखा विभागात आहे, खातं सांगत नाही. निधी वाचवणं म्हटलं की सगळे चोरीबद्दल बोलतात. मला दुसरी बाजू सांगायचीय, न पोचलेला पैसा.

पैसा बजेटमध्ये मंजूर होतो, मग तो वितरित व्हायला लागतो, बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) दिसला की मग आहरण अधिकाऱ्याने (सरकारी पैसे काढायचा अधिकार असलेल्याने) बिल करायचं, कोषागारात जायचं, तिथे त्रुटी निघाली की परत. पीडितेचं नाव अर्जात एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, एवढ्यावर बिल अडतं. ३१ मार्चच्या रात्रीपर्यंत निघालं नाही तर तो निधी व्यपगत होतो, म्हणजे रद्द होतो, नवीन वर्षात पुन्हा मागणी. इकडे आदेश झालेला आहे, तिकडे पैसा नाही, आणि अर्ज करणाऱ्या बाईला सांगायला कुणाकडे धड उत्तर नाही. या मधल्या महिन्यांत एजंट उगवतो. त्याच्याकडे विकायला काय असतं? फक्त बातमी. तुमचं बिल टेबलावर आलंय, तुमचं पास झालंय. हीच बातमी बाईला मोबाईलवर एक एसएमएस म्हणून गेली तर त्याचा धंदा बसेल, मी हे वरिष्ठांना लेखी दिलंय.

मी वर्षानुवर्षं बघतोय की गैरव्यवहाराची बातमी आली की लगेच एक नवीन दाखला वाढवतात. अजून एक प्रतिज्ञापत्र, अजून एक रहिवासी दाखला. प्रत्येक नवीन दाखल्याबरोबर चोराला एक नवीन टेबल मिळतं आणि बाईचा एक रोज बुडतो. कागद कमी करा आणि हिशोब उघडा करा, मला तरी एवढंच कळतं.

हिशोब उघडा कसा, तर नावं न घेता. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून तुम्ही विचारू शकता की आर्थिक वर्षात किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, आदेशापासून पैसे जमा होईपर्यंत किती दिवस, किती निधी आला, किती समर्पित केला (न वापरता परत पाठवला). नाव गाव मागू नका, ते मिळणार नाही आणि मिळूही नये. फक्त आकडे. केंद्राने २०१६-१७ मध्ये निर्भया निधीतून राज्यांना एकदाच २०० कोटी दिले होते पीडित भरपाई निधीला हातभार म्हणून, तेव्हापासून राज्याचा भाग राज्यालाच घालायचा आहे. ग्रामसभेत विचारा, आमदारांना विधानसभेत तारांकित प्रश्न टाकायला सांगा. आकडे विचारणारं कुणी आहे हे कळलं की बिलं हलतात, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतोय.

धाकटी_बहीण:
माझ्या ताईवर ॲसिड टाकलं होतं. बरीच वर्षं झाली. मी फक्त उशिराबद्दल लिहिते. सुप्रीम कोर्टाने ॲसिड हल्ल्यात कमीत कमी ३ लाख सांगितलेत, त्यातला पहिला १ लाख प्रकरण कळल्यापासून १५ दिवसांत आणि उरलेले पुढच्या दोन महिन्यांत, कारण पहिल्या दिवसांतच सगळा खर्च असतो. कुठल्याही खाजगी हॉस्पिटलने मोफत उपचार करायचे हेही कायद्यात आहे. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आईने मंगळसूत्र मोडलं, बाबांनी शेकडा तीनने उचलले. ताईचे पैसे आले तेव्हा ते सरळ त्या माणसाच्या घरी गेले आणि ताईच्या पुढच्या ऑपरेशनला परत हात पसरावे लागले. चोरी झाली नाही, कुणी हिस्सा मागितला नाही, सगळं नियमाने झालं, फक्त उशिरा झालं. तरी ताईच्या हातात काही उरलं नाही.

पाऊलवाट ताई, त्या आईला सांगा देऊन टाकू असं म्हणू नको. तीन भाग पण पुढे राहणार नाहीत, जो एकदा घेतो त्याला घर माहीत होतं.

पाऊलवाट_आशा:
बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा, लसीकरणाचं काम होतं आणि मधे हे सगळं.

आधी बँकेत गेलो, जुनी पासबुक काकांनी सांगितलं तसं दोन प्रती घेऊन. पहिल्यांदा म्हणाले नंतर या, मग मी शिक्का मारून द्या एवढंच धरून बसले, आई खाली मान घालून बसली होती पण उठली नाही. मॅनेजर बाईंनी अर्ज वाचला आणि लगेच खातं बघितलं. देवाची कृपा, त्यातून अजून काही गेलेलं नव्हतं, रक्कम दोनच दिवसांपूर्वी जमा झाली होती. मोबाईल नंबर त्याचाच होता, काकांचा अंदाज बरोबर. आता आईचा आहे. ठेवीवर दोन्ही शेरे घातले आणि स्क्रीन फिरवून आईला दाखवले, आईला वाचता येत नाही पण मुलगी सोबत होती, तिने वाचून दाखवलं.

मग कोर्टात. सचिव मॅडम भेटल्या, आदेशाची प्रत दिली. रक्कम त्या माणसाने सांगितली त्यापेक्षा जास्त होती. मॅडमनी आईचं म्हणणं लिहून घेतलं, वकील दिला, आणि आम्हाला बाहेर पोचवायला एक व्हॉलंटिअर ताई दिल्या. पोलिसात तक्रार दिलीय. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी पासबुक पाठवून दिलं. स्लिपा नाही दिल्या. आता मला कळतंय की त्याच्याकडे अजून पाच सहा घरांची पासबुकं आहेत, त्यातली एक बाई माझ्याच उपकेंद्रात येते. तिला पुढच्या सोमवारी घेऊन जाणार आहे.

चुलता चार दिवस बोलला नाही. काल आला, म्हणाला पावती कुठे ठेवलीय ते मला सांगू नका, म्हणजे मला कुणी विचारलं तर मला माहीत नाही असं खरं सांगता येईल. मला रडू आलं.

काका, एक विचारायचं राहिलं. मुलगी म्हणते ठेवीचं व्याज जर महिन्याला मिळत असेल तर तिला टायपिंगचा क्लास लावायचाय, दहावीनंतर लगेच. ते व्याज काढायला दर वेळी आईचा अंगठा लागेल का, की तिला स्वतःला काढता येईल?

जुनी_पासबुक:
योजनेत व्याज दर महिन्याला पीडितेच्या बचत खात्यात जमा करायचं असं आहे, आदेशात तसं लिहिलंय का ते बघा, नसेल तर सचिव मॅडमना एक साधा अर्ज द्या. आणि दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवता येतं, बँक त्यावर रकमेची मर्यादा घालते, क्लासच्या फीला तेवढी पुरेल. मॅनेजर बाईंना सांगा खातं तिच्या सहीने चालू द्या. सही नमुना द्यायच्या आधी तिला घरी वहीवर दहा वेळा करू दे, एकसारखी. पहिली स्लिप तिला स्वतः भरू द्या ताई, तुम्ही भरू नका.